सायकेडेलिक द्रव्ये, जाणीव आणि मानसिक आजारांवरील उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसिक आजारांवरील उपचारांच्या चर्चेत सायकेडेलिक, म्हणजे काही काळ भान आणि जाणीव बदलून टाकणाऱ्या, द्रव्यांचे नाव आता इतके येऊ लागले आहे की रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि विद्यार्थी तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांपैकी महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. चाचण्यांत काय आढळले आणि त्यावरून काय म्हणता येत नाही, या दोन गोष्टी शक्य तितक्या वेगळ्या ठेवल्या आहेत. वर्षानुवर्षे नैराश्याने पिचलेल्या माणसाला खोटी आशा दाखवणे जितके वाईट, तितकेच त्याच्यापासून खरी आशा दडवून ठेवणेही वाईट.

सायकेडेलिक द्रव्ये म्हणजे नेमकी कोणती?

काटेकोर अर्थाने हा शब्द प्रामुख्याने चार द्रव्यांसाठी वापरला जातो. सिलोसायबिन काही जातींच्या अळंब्यांमध्ये असते. एलएसडी प्रयोगशाळेत तयार होते, पण त्याचा मूळ घटक राय या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट नावाच्या बुरशीतून मिळाला. डीएमटी अनेक वनस्पतींत आढळते आणि अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील आयाहुआस्का या काढ्याचा तो प्रमुख क्रियाशील घटक आहे. मेस्कॅलिन पेयोटी या निवडुंगात असते. या चारही द्रव्यांचा मनावरील परिणाम मुख्यतः सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या एकाच रिसेप्टरमार्फत, म्हणजे पेशीवरील संदेश घेणाऱ्या रेणूमार्फत, होतो.

एमडीएमए (‘एक्स्टसी’) आणि भूल देण्यासाठी वापरले जाणारे केटामाइन यांची नावे याच चर्चेत घेतली जातात. मात्र त्यांचे कार्य वेगळे आहे. एमडीएमएमुळे चेतापेशी आपल्याजवळचे सेरोटोनिन मोठ्या प्रमाणात बाहेर सोडतात, तर केटामाइन ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचा एनएमडीए हा रिसेप्टर अडवते. त्यामुळे एका द्रव्याच्या चाचणीतील निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवणे चूक आहे, आणि वृत्तपत्रांतून ही चूक सर्रास होते.

हे संशोधन पूर्वी सुरू होऊन बंद पडले होते, ते का?

बाझेल येथील सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये एलएसडी तयार केले, पण त्याचा मनावरील परिणाम त्यांच्या लक्षात आला तो १९४३ च्या एप्रिल महिन्यात. कंपनीने पुढे ते डेलिसिड या नावाने डॉक्टरांना संशोधनासाठी उपलब्ध करून दिले. १९५० च्या दशकात कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात दारूच्या व्यसनावर, तर प्राग आणि इतर शहरांत निरनिराळ्या मनोविकारांवर त्याचा वापर करून पाहिला गेला. सिलोसायबिनचा मार्ग वेगळा होता. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातील माझातेक समाजात अळंब्यांचा उपयोग आजार बरे करण्याच्या रात्रविधींत होत असे. मारिया साबिना या उपचारक स्त्रीने १९५५ मध्ये एका अमेरिकन पाहुण्याला त्या विधीत बसू दिले. १९५७ मध्ये त्याने एका लोकप्रिय नियतकालिकात त्याविषयी लेख लिहिला आणि गावात परदेशी लोकांची रीघ लागली. १९५८ मध्ये हॉफमन यांनी त्या अळंब्यांतून सिलोसायबिन वेगळे केले. विज्ञानाला मोठा लाभ झाला, पण मारिया साबिना यांच्या वाट्याला गावकऱ्यांचा रोष आला आणि त्यांचे घर जाळले गेले. या संशोधनाचा इतिहास सांगताना ही बाजू गाळणे अन्यायाचे आहे.

संशोधन थांबण्याचे कारण म्हणून बहुधा बंदीचेच नाव घेतले जाते. अमेरिकेतील १९७० चा नियंत्रित पदार्थांचा कायदा आणि १९७१ चा संयुक्त राष्ट्रांचा मनःप्रभावी पदार्थांविषयीचा करार यांनी ही द्रव्ये सर्वांत कडक वर्गात टाकली, हे खरे आहे. तथापि त्याआधीच आणखी एक बदल झाला होता. थॅलिडोमाइड या औषधामुळे अनेक बाळे व्यंग घेऊन जन्मल्याच्या दुर्घटनेनंतर १९६२ मध्ये अमेरिकेत औषध गुणकारी असल्याचा नियंत्रित चाचण्यांमधून पुरावा मागण्याचा नियम आला, आणि तोवरचे बहुतेक सायकेडेलिक संशोधन त्या कसोटीला उतरणारे नव्हते. तरीही जुने सर्व काम निरुपयोगी ठरत नाही. दारूच्या व्यसनावर एलएसडी देऊन पूर्वी झालेल्या सहा नियंत्रित चाचण्यांतील ५३६ जणांच्या माहितीचे २०१२ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा एलएसडी मिळालेल्यांपैकी ५९ टक्के लोकांत आणि तुलनेच्या गटातील ३८ टक्के लोकांत सुधारणा दिसली.

१९९० च्या दशकात न्यू मेक्सिकोत डीएमटीवर आणि झुरिकमध्ये सिलोसायबिनवर मानवी प्रयोग पुन्हा सुरू झाले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानंतर या विषयाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली.

ही द्रव्ये मेंदूत काय करतात?

पोटात गेल्यावर सिलोसायबिनचे सिलोसिनमध्ये रूपांतर होते आणि ते सेरोटोनिनच्या ५-एचटी२ए या रिसेप्टरला जोडले जाते. झुरिकमधील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की केटान्सेरिन या औषधाने हा रिसेप्टर आधीच अडवला, तर सिलोसायबिनचे मनावरील परिणाम जवळजवळ दिसतच नाहीत. या क्षेत्रात इतका स्वच्छ पुरावा फार थोड्या गोष्टींना आहे. सिलोसायबिनचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो, एलएसडीचा आठ ते बारा तास, आणि शिरेतून दिलेल्या डीएमटीचा वीस-तीस मिनिटांत ओसरतो.

यापुढचे चित्र इतके स्वच्छ नाही. आपण काहीच करत नसताना, म्हणजे स्वतःविषयी, भूतकाळाविषयी किंवा पुढच्या दिवसाविषयी विचार करत असताना, मेंदूतील काही भाग एकमेकांशी सुसंगतपणे काम करतात. या जाळ्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. सिलोसायबिनच्या प्रभावाखाली या जाळ्याची एकसंधता कमी होते, असे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील अभ्यासांत २०१२ पासून दिसत आले आहे. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये काही मोजक्या व्यक्तींच्या मेंदूचे औषधाच्या आधी, दरम्यान आणि नंतर अनेक वेळा चित्रण केले. त्यातही हीच विस्कळीतता मोठ्या प्रमाणावर आढळली आणि तिचा काही अंश पुढे कित्येक दिवस टिकून होता.

नैराश्यात माणसाचे मन त्याच त्याच दोषारोपांच्या चाकोरीतून फिरत राहते. रॉबिन कारहार्ट-हॅरिस आणि कार्ल फ्रिस्टन यांनी २०१९ मध्ये असा सिद्धान्त मांडला की मेंदूने स्वतःविषयी आणि जगाविषयी बांधलेले पक्के अंदाज या द्रव्यांमुळे काही काळ सैल होतात, आणि त्यामुळे नव्या अनुभवाला शिरकाव मिळतो. ही कल्पना आकर्षक आहे आणि अनेक रुग्णांच्या कथनाशी ती जुळते. पण मेंदूच्या चित्रणातील बदल आणि आजारातील सुधारणा एकत्र दिसल्या, एवढ्यावरून पहिल्यामुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. प्राण्यांमधील प्रयोगांत चेतापेशींच्या शाखा आणि जोडण्या वाढल्याचे दिसले आहे. माणसात ते प्रत्यक्ष पाहण्याची सोपी पद्धत अद्याप उपलब्ध नाही.

नैराश्यावर सिलोसायबिनचा उपयोग होतो, याचा पुरावा किती भक्कम आहे?

२०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि न्यूयॉर्क विद्यापीठ येथील दोन चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. जीवघेण्या कर्करोगामुळे चिंता आणि नैराश्य आलेल्या अनुक्रमे ५१ आणि २९ रुग्णांवर त्या झाल्या होत्या, आणि एकाच मोठ्या मात्रेनंतर अनेकांची मृत्यूची धास्ती उतरल्याचे त्यांत दिसले. मृत्यूच्या छायेत असलेल्या माणसांसाठी फार थोडे उपचार आहेत, म्हणून हे निष्कर्ष मला आजही या संपूर्ण क्षेत्रातील सर्वांत मोलाचे वाटतात.

नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यावरील महत्त्वाची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २३३ रुग्णांना २५, १० किंवा १ मिलिग्रॅमची एकच मात्रा देण्यात आली. ६० गुणांच्या मापनपट्टीवर तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमच्या गटाची तीव्रता सरासरी १२ गुणांनी, तर १ मिलिग्रॅमच्या गटाची ५.४ गुणांनी कमी झाली. हा फरक अर्थपूर्ण आहे. मात्र बारा आठवड्यांपर्यंत टिकून राहिलेला प्रतिसाद मोठी मात्रा मिळालेल्यांपैकी सुमारे एकपंचमांश रुग्णांतच दिसला, आणि आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करण्याच्या घटना तिन्ही गटांत घडल्या. याच औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातील पहिल्या चाचणीचा निकाल २०२५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा सहा आठवड्यांनी प्लासिबोच्या, म्हणजे औषधासारख्या दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळीच्या, तुलनेतील सरासरी फरक ३.६ गुण होता. चाचण्या मोठ्या आणि काटेकोर होत गेल्या की परिणामाचा आकार लहान होत जातो, हा वैद्यकातील जुना अनुभव आहे आणि तो येथेही येत आहे.

प्रचलित औषधाशी थेट तुलना लंडनमध्ये झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ५९ रुग्ण होते. एका गटाला सिलोसायबिनच्या दोन मोठ्या मात्रा, तर दुसऱ्याला सहा आठवडे एस्सिटॅलोप्रॅम देण्यात आले, आणि मानसोपचाराचा आधार दोघांनाही समान होता. आधी ठरवलेल्या मुख्य मोजमापात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. इतर मोजमापे सिलोसायबिनच्या बाजूने झुकली, पण संशोधकांनी स्वतःच त्यांवरून निष्कर्ष काढू नयेत असे नमूद केले होते. बातम्यांतून मात्र हे वाक्य गळून पडले.

चाचण्यांमध्ये कोणाला खरे औषध मिळाले हे गुप्त राहते का?

बहुतेक वेळा राहत नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत गंभीर अडचण हीच आहे. औषधाच्या चाचणीत रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही कोणाला काय दिले हे कळू दिले जात नाही, कारण बरे होण्याची अपेक्षाच माणसाला काही अंशी बरे करते. भिंती हलू लागल्या, वेळेचे भान गेले, की रुग्णाला आपल्याला काय मिळाले ते लगेच कळते. दारूच्या व्यसनावरील सिलोसायबिनची एक उत्तम चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पुढील ३२ आठवड्यांत अतिमद्यपानाच्या दिवसांचे प्रमाण सिलोसायबिनच्या गटात ९.७ टक्के आणि तुलनेच्या गटात २३.६ टक्के होते. तुलनेसाठी गुंगी आणणारे डायफेनहायड्रामाइन वापरूनही बहुसंख्य सहभागींनी आपल्याला काय मिळाले ते अचूक ओळखले.

यामुळे दुहेरी घोटाळा होतो. ज्याला औषध मिळाले त्याची आशा फुलते. आणि ज्याला मिळाले नाही तो, महिनोन्‌महिने वाट पाहून चाचणीत आलेला असल्याने, निराश होतो व त्याची लक्षणे प्रसंगी वाढतात. दोन गटांतील अंतर दोन्ही बाजूंनी रुंदावते आणि त्या अंतराचे सगळे श्रेय औषधाला दिले जाते.

स्टॅनफर्ड येथील एका प्रयोगाने हा प्रश्न टोकदार केला. नैराश्य असलेल्या ४० रुग्णांची काही अन्य कारणांसाठी शस्त्रक्रिया व्हायची होती. ते पूर्ण भुलेखाली असताना निम्म्यांना केटामाइन आणि निम्म्यांना प्लासिबो देण्यात आले, त्यामुळे कोणालाही कसलाच अनुभव आला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही गटांत सुधारणा झाली आणि तीही भरपूर, पण दोहोंत फरक नव्हता. केटामाइन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ होत नाही. भुलेच्या औषधांचाही त्यात वाटा असू शकतो. पण आस्थेने केलेली तयारी, बरे होण्याची अपेक्षा आणि माणसांचे सततचे लक्ष यांची ताकद किती मोठी आहे, हे यावरून दिसते. ती ताकद मोजायची कशी आणि प्रत्येक रुग्णापर्यंत पोहोचवायची कशी, हा प्रश्न औषधाइतकाच संशोधनाला पात्र आहे.

उपचार म्हणजे फक्त एक गोळी असते का?

नाही. औषधापूर्वी काही तयारीच्या भेटी होतात; औषधाच्या दिवशी रुग्ण शांत खोलीत, बहुधा डोळ्यांवर पट्टी बांधून आणि संगीत ऐकत, प्रशिक्षित व्यक्तींच्या उपस्थितीत सहा ते आठ तास असतो; आणि त्यानंतर आलेल्या अनुभवाचा अर्थ लावण्यासाठी पुन्हा भेटी होतात. यातील मानसोपचाराचा वाटा किती, हे वेगळे काढून तपासणाऱ्या चाचण्या फारच कमी झाल्या आहेत. या मनुष्यबळामुळे उपचार महाग पडतो, आणि खर्च वाचवण्यासाठी पहिली काटछाट याच भेटींवर होईल अशी मला भीती वाटते.

अमेरिकेत एमडीएमएला परवानगी का नाकारण्यात आली?

आघातानंतरच्या ताणविकारावरील, म्हणजे पीटीएसडीवरील, तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे २०२१ मधील निष्कर्ष प्रभावी होते. एमडीएमएसह मानसोपचार घेतलेल्यांपैकी ६७ टक्के आणि प्लासिबोसह मानसोपचार घेतलेल्यांपैकी ३२ टक्के रुग्ण शेवटी या आजाराच्या निकषांत बसत नव्हते. असे असूनही जून २०२४ मध्ये अमेरिकन अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने परिणामकारकतेच्या प्रश्नावर ९ विरुद्ध २ मतांनी प्रतिकूल कौल दिला, आणि ऑगस्टमध्ये प्रशासनाने आणखी एक चाचणी करण्यास सांगितले. औषध ओळखू येणे, हृदयाच्या सुरक्षिततेविषयीची अपुरी माहिती आणि गैरवापराच्या शक्यतेशी संबंधित घटनांच्या नोंदी नीट न ठेवणे, हे प्रमुख आक्षेप होते. आधीच्या टप्प्यातील एका चाचणीत उपचारकांनी रुग्ण स्त्रीशी केलेले गैरवर्तनही या काळात चर्चेत होते.

या शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. या द्रव्यांच्या अमलाखाली माणूस कमालीचा विश्वास टाकणारा आणि सूचनांना वश होणारा बनतो. स्पर्शाविषयीची संमती औषध घेण्याआधीच, लेखी आणि तपशीलवार घेणे, तसेच सत्राचे चित्रीकरण करून त्याची स्वतंत्र व्यक्तीकडून तपासणी होणे, ही किमान अट मानली पाहिजे.

बरे होण्यासाठी तो विलक्षण अनुभव आवश्यक असतो का?

२००६ च्या हॉपकिन्स अभ्यासात ३६ निरोगी व्यक्ती होत्या. दोन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६७ टक्के जणांनी हा अनुभव आपल्या आयुष्यातील सर्वांत अर्थपूर्ण किंवा पहिल्या पाच अर्थपूर्ण अनुभवांपैकी एक असल्याचे सांगितले. नंतरच्या अनेक चाचण्यांत असा एकत्वाचा अनुभव जितका गाढ, तितकी सुधारणा अधिक, असा संबंध आढळला. याउलट कॅलिफोर्नियातील डेव्हिड ओल्सन यांच्यासारखे संशोधक भास न घडवता चेतापेशींच्या जोडण्या वाढवणारी संयुगे तयार करत आहेत. त्यांपैकी टॅबरनॅन्थालॉग या संयुगाचे उंदरांवरील निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. उंदराला अर्थपूर्ण अनुभव आला की नाही हे विचारता येत नसल्याने हा वाद मानवी चाचण्यांतूनच सुटेल.

जाणीव म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर यातून मिळाले का?

उत्तर मिळालेले नाही, पण प्रश्न अधिक नेमका झाला आहे. गाढ झोपेत आणि भुलेखाली मेंदूतील विद्युत-चुंबकीय संकेतांचे वैविध्य घटते, हे माहीत होते. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की एलएसडी, सिलोसायबिन आणि केटामाइन यांच्या प्रभावाखाली हे वैविध्य नेहमीच्या जागृतीपेक्षाही वाढते. यावरून जाणिवेची पातळी उंचावली असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकांनी केली. प्रत्यक्षात मोजले गेले ते संकेतांचे वैविध्य, आणि ते म्हणजेच जाणीव हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती मीपण विरघळण्याची स्थिती. या स्थितीतून गेलेले लोक सांगतात की रंग, आवाज आणि भावना होत्या, पण त्या कोणाच्या आहेत ही जाण नव्हती. मीपणाशिवाय जाणीव असू शकते, असे मानायला ही कथने आधार देतात, आणि त्या स्थितीचे मेंदूतील बदलांशी नाते शोधता येते. मात्र अशा वेळी गवसलेल्या गोष्टी निःसंशय खऱ्या असल्याची जी तीव्र खात्री वाटते, तिचा उगमही त्याच बदललेल्या मेंदूत असतो. त्या खात्रीला जगाविषयीचा पुरावा मानता येत नाही, आणि उपचारकाने तर स्वतःच्या आध्यात्मिक समजुती रुग्णाच्या अनुभवावर मुळीच लादू नयेत.

मायक्रोडोसिंगचा उपयोग होतो का?

जाणवणारही नाही इतकी अल्प मात्रा नियमितपणे घेण्याच्या या पद्धतीला नियंत्रित चाचण्यांनी आजवर फारसा आधार दिलेला नाही. २०२१ मधील एका अभ्यासात १९१ जणांनी द्रव्याच्या आणि प्लासिबोच्या आपल्याच कॅप्सूल मिसळून कोणती कोणती हे स्वतःपासून लपवले होते. त्यांच्यात सुधारणा झाली, पण प्लासिबो घेणाऱ्यांतही ती तितकीच झाली.

यांचे व्यसन लागते का?

सिलोसायबिन आणि एलएसडी यांची सक्तीची ओढ लागल्याचे क्वचितच दिसते. लागोपाठ घेतल्यास काही दिवसांतच त्यांचा परिणाम बोथट होतो. केटामाइनचे मात्र व्यसन लागते, आणि दीर्घकाळ सेवन केल्यास मूत्राशयाची गंभीर हानी होते.

धोके कोणते आहेत?

सत्रादरम्यान तीव्र भीती, मळमळ, तसेच रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांत वाढ हे परिणाम नेहमीचे आहेत. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अळंब्यांच्या सेवनाने वाईट अनुभव आलेल्या जवळपास दोन हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३९ टक्के लोकांनी तो आयुष्यातील सर्वांत कठीण पाच अनुभवांमध्ये गणला. काहींना द्रव्य शरीरातून गेल्यानंतरही दृष्टिभ्रम दीर्घकाळ त्रास देतात. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकार स्वतःला अथवा जवळच्या रक्ताच्या नात्यात असलेल्यांना आजार उफाळण्याचा धोका असल्याने चाचण्यांत घेतले जात नाही. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेणाऱ्या व्यक्तींना या द्रव्यांनी झटके आल्याच्या नोंदी आहेत, आणि आयाहुआस्का किंवा एमडीएमए नैराश्याच्या काही औषधांसोबत घेतल्यास सेरोटोनिनचे प्रमाण जीवघेणे वाढू शकते. चाचण्यांमध्ये दिसलेली सुरक्षितता ही काटेकोर निवड आणि सततच्या देखरेखीची फळे आहेत. बाहेर मिळणाऱ्या अज्ञात शुद्धतेच्या पदार्थाला ती लागू होत नाही.

हे उपचार कायदेशीररीत्या कोठे मिळतात?

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञ पीटीएसडीसाठी एमडीएमए आणि औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठी सिलोसायबिन देऊ शकतात. स्वित्झर्लंड आणि कॅनडात रुग्णागणिक विशेष परवानगीची सोय आहे. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात २०२३ पासून देखरेखीखाली सिलोसायबिन मिळते, परंतु ती वैद्यकीय उपचारपद्धती म्हणून मान्य झालेली नाही. केटामाइनचाच एक प्रकार असलेल्या एस्केटामाइनच्या नाकात मारायच्या फवाऱ्याला अमेरिकेने २०१९ मध्ये मान्यता दिली. एखाद्या औषधाला तेथे जलद विचाराचा विशेष दर्जा मिळाला अशी बातमी आली, तर ती मंजुरी समजू नये.

माझ्या घरातील व्यक्ती नैराश्याची औषधे घेत आहे. चाचणीत भाग घेण्यासाठी ती बंद करावीत का?

स्वतःहून मुळीच बंद करू नयेत. अनेक चाचण्यांमध्ये ही औषधे आधी थांबवावी लागतात, पण ते काम डॉक्टरांच्या नजरेखाली, हळूहळू मात्रा उतरवत केले जाते. एकदम थांबवल्यास आजार उलटण्याचा आणि आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका असतो. असे विचार आत्ताच येत असतील तर कोणत्याही नव्या उपचाराची वाट न पाहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला गाठावे. औषधे बदलणे, त्यांना लिथियमची जोड देणे, मानसोपचार आणि विद्युत उपचार हे मार्ग आजही उपलब्ध आहेत, आणि शेवटचा तर अतितीव्र नैराश्यात अत्यंत परिणामकारक आहे.

चाचणीचा विचार करायचाच असेल, तर ती सार्वजनिक नोंदवहीत नोंदलेली आहे का, तिला नीतिसमितीची मान्यता आहे का, सत्रात कोण उपस्थित राहणार, त्यांच्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची आणि प्लासिबोच्या गटात गेल्यास नंतर औषध मिळणार का, हे लेखी विचारून घ्यावे. आणखी एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, तो अवश्य विचारावा : चाचणी संपल्यानंतर सहा महिन्यांनी आजार परतला, तर फोन कोणी उचलायचा?